गाडी रात्री कुठे उभी असते?

विजेच्या गाडीबद्दलचे प्रश्न पाठवा, असं गेल्या महिन्यात या सदरात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं आहे: एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? मी वाहनतंत्र शिकवते. पूर्वी फक्त इंजिनं शिकवायची, आता इंजिन आणि बॅटरी दोन्ही शिकवते. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या माणसाला मी आधी उलटा प्रश्न विचारते: तुमची गाडी रात्री कुठे उभी असते, आणि तिथे प्लग आहे का? याचं उत्तर मिळालं की निम्माअधिक निर्णय होऊन जातो. बाकीचं खाली, पत्रांच्या क्रमाने.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर गाडी चालवतो. घराला स्वतःचं पार्किंग आहे. सध्याची पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि आता बदलायलाच झाली आहे. विजेची घ्यावी का? मध्येच चार्जिंग संपेल ही धास्ती वाटते.

घ्या. तुमच्यासारख्यांसाठीच ही गाडी आहे.

मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज खाते. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर १७ युनिट धरा. तुमच्या ६० किलोमीटरना दहा युनिटच्या आसपास वीज लागेल. १६ अँपिअरच्या घरगुती सॉकेटमधून तासाला तीन युनिट सहज मिळतात. म्हणजे रात्री जेवून गाडी प्लगला लावली तर मध्यरात्रीच्या सुमारास दिवसभराची भरपाई झालेली असते. त्यासाठी मोठा चार्जरही लागत नाही. धास्ती वाटते ती पेट्रोलच्या सवयीमुळे. टाकी रिकामी होत आली की पंपावर जायचं, ही ती सवय. विजेची गाडी उभी असताना भरायची असते, आणि बहुतेक गाड्या दिवसातले वीस-बावीस तास उभ्याच असतात.

खर्चाचं गणित मी रुपयांत मांडत नाही, कारण पेट्रोलचा आणि विजेचा भाव जागोजागी वेगळा असतो. त्याऐवजी एक आकडा लक्षात ठेवा. तुमची पेट्रोल गाडी लिटरला जितके किलोमीटर देते, त्याला ०.१७ ने गुणा. तुमच्या बाबतीत १५ गुणिले ०.१७, म्हणजे साधारण अडीच. आता एक लिटर पेट्रोलचा भाव एका युनिटच्या भावाच्या अडीचपटीहून जास्त असेल, तर विजेवर चालणं स्वस्त. घरच्या मीटरवर हे बहुधा जमतंच. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर मात्र युनिटचा भाव घरच्यापेक्षा दोन-तीन पट असू शकतो, आणि मग फायदा आटत जातो. म्हणूनच मी प्लगचा प्रश्न आधी विचारते.

एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट इतकी ऊर्जा असते. तुमची गाडी १०० किलोमीटरला पावणेसात लिटर, म्हणजे साठेक युनिट जाळते. त्याच कामाला विजेची गाडी पंधरा युनिट घेते. उरलेली पंचेचाळीस युनिटं जातात कुठे? रेडिएटरमधून, धुराड्यातून, तापलेल्या इंजिनातून, आणि सिग्नलला उभं राहून. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवू शकलं तरी पुष्कळ. इंजिनावर माझं प्रेम आहे, पण हा आकडा त्याच्या बाजूने बोलत नाही.

एक विनंती मात्र मनापासून करते. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी चार्ज करू नका. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी सलग तीन-चार तास तेरा ते सोळा अँपिअर ओढते. सॉकेटचा एखादा स्क्रू सैल असेल तर तेवढ्या वेळात प्लॅस्टिक वितळतं. असे काळे पडलेले प्लग मी विद्यार्थ्यांना दाखवायला जपून ठेवले आहेत. गाडी घेण्याआधी जाणत्या वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळतीला तुटणारा आरसीसीबी बसवा, आणि अर्थिंग डोळ्यांनी न बघता यंत्राने मोजून घ्या.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंग सामायिक आहे, जागा ठरलेली नाही. आठवड्याला साधारण २०० किलोमीटर चालवणं होतं. जवळ दोन फास्ट चार्जर आहेत. तेवढ्यावर भागेल?

भागेल, पण मी तुम्हाला एवढ्यावर उडी मारा असं सांगणार नाही.

तुमची गरज आठवड्याला ३४ युनिटची. सात किलोवॅटच्या, म्हणजे तासाला सात युनिट देणाऱ्या साध्या चार्जरवर हे पाच तासांचं काम आहे. तेव्हा फास्ट चार्जर शोधण्याआधी, गाडी आठवड्यातून एकदा सलग पाच तास कुठे उभी असते ते शोधा. कार्यालय, कॉलेज, आईवडिलांचं घर, कुठेही. तिथे चार्जर असेल किंवा मालक बसवायला तयार असेल, तर तुमचा प्रश्न सुटला. नसेल, तर दर आठवड्याला फास्ट चार्जरपाशी पाऊण तास बसायचं, कधी रांग, कधी बंद पडलेलं मशीन. हे पहिले दोन महिने मजेत जातं, पुढे त्याचा वैताग येतो. अशा वेळी फुल हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली, चालता चालता आपली बॅटरी स्वतःच भरणारी) हा कमीपणाचा पर्याय नाही. टोयोटाची प्रिउस १९९७ साली जपानमध्ये विकायला आली, तेव्हापासून ते तंत्र मुरलेलं आहे. त्याला प्लग लागत नाही आणि शहरातल्या गर्दीत ते पेट्रोल खरोखर वाचवतं.

इमारतीतल्या लोकांशी बोलणार असाल तर तुमच्या हाताशी एक मुद्दा असू द्या. नेहमीचा आक्षेप असतो, दहा जणांनी एकदम गाड्या लावल्या तर फ्यूज उडेल. आता चार्जर एकमेकांशी जोडता येतात आणि उपलब्ध लोड आपापसांत वाटून घेतात. इमारतीचा वापर वाढला की ते हात आखडतात, रात्री मोकळीक मिळाली की सोडतात. प्रत्येक गाडीला रात्रभर पूर्ण वेगाने वीज लागतच नाही. वर तुमचंच गणित आहे: आठवड्याला पाच तास.

प्रश्न : महिन्यातून एकदा ४०० किलोमीटरवर गावी जावं लागतं. ४५ युनिटच्या बॅटरीची गाडी बघितली. विक्रेता म्हणतो, कंपनीच्या आकड्यानुसार ३०० किलोमीटर जाते. म्हणजे एकच थांबा पुरेल ना?

विक्रेता खोटं बोलत नाही, पण तो आकडा तुमच्या हमरस्त्याचा नाही. प्रमाणित चाचणीत शहरी, संथ भागही असतो, आणि संथ चालताना विजेची गाडी कमालीची काटकसरी असते. ब्रेक लावताना मोटर उलटी जनरेटर होऊन थोडी वीज परत बॅटरीत टाकते. हमरस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० चे १२० केले, तर वेग दीडपट होतो आणि हवेचा विरोध सव्वादोन पट. पेट्रोल गाडीत हे जाणवत नाही, कारण हमरस्त्यावर तिचं इंजिन शहरापेक्षा बऱ्या कार्यक्षमतेने चालतं आणि तो फटका झाकला जातो.

ताशी ११० ला तुमच्यासारखी गाडी १०० किलोमीटरना १९ युनिट घेईल असं धरू. घरून पूर्ण भरून निघालात आणि दहा टक्के उरेपर्यंत चालवलीत, तर पहिला टप्पा २१० किलोमीटरचा. मग फास्ट चार्जरवर दहाची ऐंशी टक्के केलीत, तर पुढचा टप्पा १६५ चा. झाले ३७५. पंचवीस किलोमीटर कमी पडले. आता वेग १०० वर आणा. खप साडेसतरा युनिटवर येतो, टप्पे २३० आणि १८० होतात, आणि दहा टक्के राखून ४०० पार होतात. या संथपणात बावीस-तेवीस मिनिटं जातात. दुसऱ्या थांब्यालाही, वळून आत जाणं-बाहेर येणं धरून, तेवढीच गेली असती. मी संथ चालीच्या बाजूची आहे, कारण ज्या थांब्याची गरजच उरली नाही तिथलं मशीन बंद असलं तरी आपलं काही बिघडत नाही.

ऐंशी टक्क्यांवर का थांबायचं? पोतं भरताना सुरुवातीला धान्य भराभर ओतता येतं, शेवटी मात्र हलवून-हलवून, थोडं थोडं घालावं लागतं. बॅटरीचंही तसंच. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरत असतात. मोकळी जागा कमी झाली की त्यांना घाई केली तर लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतं आणि बॅटरी बिघडते. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. दहा ते ऐंशीला ५० किलोवॅटच्या चार्जरवर चाळीसेक मिनिटं लागतात. उरलेल्या वीस टक्क्यांना कधीकधी तेवढीच आणखी.

कडाक्याच्या थंडीत प्रवास असेल तर हे सगळे आकडे पाव ते तिसरा हिस्सा कमी धरा. पेट्रोल गाडीत हीटर फुकट असतो, कारण इंजिन उष्णता वाया घालवतच असतं. इथे तीही बॅटरीतून काढावी लागते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) असलेली गाडी घेतलीत तर नुकसान कमी होतं. थंडीमुळे विजेची गाडी चालतच नाही, हे मात्र खरं नाही. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ निव्वळ विजेच्या होत्या.

आणि गावच्या घरी १६ अँपिअरचं सॉकेट आहे का, ते बघा. असेल तर परतीची चिंता मिटली. पोचताच प्लगला लावली तर पंधराएक तासांत बॅटरी पूर्ण भरते.

प्रश्न : माझं वय ६८. बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे, उत्तम चालते, वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर होतात. मुलगा म्हणतो, पर्यावरणासाठी विजेची घ्या. मला ही नवी टूम वाटते. आपलं मत?

काका, टूम म्हणू नका. विजेची गाडी पेट्रोल गाडीच्या बरोबरीने जन्मली आहे. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. १८९९ साली बेल्जियमच्या कामिल जेनात्झी यांनी ती फ्रान्समध्ये चालवली. तेव्हा पेट्रोल गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, त्यात मनगटं मोडत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवला आणि पेट्रोलची मुख्य अडचण गेली. विजेच्या गाड्यांना तेव्हा जड शिशाच्या बॅटऱ्या नडल्या. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणल्यावरच त्यांना पुन्हा दम मिळाला. त्या बॅटरीमागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरीही तुमच्यापुरतं माझं मत तुमच्याच बाजूने आहे. गाडी ठेवा.

पेट्रोल गाडी एका किलोमीटरला, पेट्रोल काढण्या-गाळण्याचा खर्च धरून, १९० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. निम्मीशिम्मी वीज कोळशाची असेल अशा ठिकाणी विजेची गाडी साधारण ७० ते ९० ग्रॅम. म्हणजे किलोमीटरमागे शंभरेक ग्रॅम वाचतात. तुमच्या ३,००० किलोमीटरना वर्षाला ३०० किलो. नवी विजेची गाडी बॅटरीसकट बनवताना आठ-दहा टन उत्सर्जन होतं. ते फिटायला तुमच्या चालीने पंचवीस-तीस वर्षं लागतील. हेच जर वर्षाला २०,००० किलोमीटर चालवणाऱ्याने विचारलं असतं, तर चार-पाच वर्षांत फिटतं. मुलाची तळमळ खरी आहे, ती त्याच्या स्वतःच्या गाडीकडे वळवा. घरात जी गाडी सर्वांत जास्त पळते ती आधी विजेची व्हावी.

प्रश्न : वीज कोळशाचीच असेल तर विजेच्या गाडीने काय साधलं? धूर फक्त जागा बदलतो.

शंभर टक्के कोळशाच्या विजेवर फारसं साधत नाही, हे कबूल. तिथे दोन्ही गाड्या कार्बनच्या हिशेबात जवळजवळ बरोबरीला येतात. पण बहुतेक ठिकाणी वीज मिश्र असते. वाहनांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून मोडीत निघेपर्यंतचा हिशेब मांडला. विजेची मध्यम गाडी युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी उत्सर्जन करते, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्के, आणि कोळशावर भिस्त असलेल्या भारतातही १९ ते ३४ टक्के, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पेट्रोल गाडी विकत घेतल्या दिवशी जेवढी स्वच्छ असते, त्याहून स्वच्छ ती कधीच होत नाही. विजेची गाडी मात्र ग्रिडमध्ये सौर-पवन वाढत जाईल तशी, काही न करता, सुधारत जाते.

आणि धुराने जागा बदलणं क्षुल्लक नाही. शाळेच्या फाटकाशी मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर आणि उंच चिमणीतून दूरवर सुटणारा धूर, यांत श्वास घेणाऱ्याला फार फरक पडतो.

प्रश्न : बॅटरी आठ वर्षांत संपते आणि बदलायला निम्म्या गाडीइतका खर्च येतो, हे खरं का?

आठ वर्षं ही वॉरंटीची मुदत आहे, आयुष्याची नव्हे. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत क्षमता सत्तर टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. रस्त्यावरच्या हजारो गाड्यांच्या नोंदी पाहता क्षमता वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. दहा वर्षांनी ३०० ची गाडी २४० जाईल. ती मेली नाही, म्हातारी झाली.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. २०१० ची पहिली निसान लीफ ही विजेची गाडी आठवा. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती, आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापलेल्या भागात थोड्याच वर्षांत तिची क्षमता घटल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून गाडी घेताना पहिला प्रश्न हा विचारा: बॅटरी द्रवाने थंड होते का? दुसरा: एलएफपी आहे की एनएमसी? लिथियम-आयन बॅटरीचे हे दोन मुख्य प्रकार. एलएफपीत निकेल-कोबाल्ट नसतं, ती भरण्या-उतरण्याच्या जास्त फेऱ्या टिकते, आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरणं तिच्यात किती वीज उरली याच्या मोजमापासाठी चांगलंच असतं, पण थंडीत ती मंदावते. एनएमसी त्याच वजनात जास्त वीज धरते. तिला रोज ऐंशीवर थांबवा आणि शंभर फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. दोन्हीपैकी कुठलीही, पूर्ण भरून उन्हात आठवडाभर उभी ठेवू नका.

गाडी अचानक बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण मात्र ही मोठी बॅटरी नव्हेच. आत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली की दरवाजे, पडदा, काहीच जागं होत नाही. तीन-चार वर्षांनी ती तपासून घ्या. आणि अशी गाडी ओढून नेताना चाकं जमिनीवर फिरू देऊ नका, मोटर वीज तयार करू लागते. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

प्रश्न : पावसात, साचलेल्या पाण्यात शॉक बसेल? आग लागेल?

बॅटरीची पेटी बहुधा आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गळती जाणवली तर गाडी स्वतः जोडणी तोडते. तरी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली गाडी चालू करू नका, चार्ज तर मुळीच नाही. तज्ज्ञाकडून उघडून घ्या. आगी पेट्रोल गाड्यांना जास्त लागतात. पण लिथियमची आग लागली तर हट्टी असते. तिला पुष्कळ पाणी लागतं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा भडकू शकते. धूर दिसला तर सामान काढत बसू नका. दूर व्हा आणि अग्निशमन दलाला गाडी विजेची आहे हे आधी सांगा.

प्रश्न : मी पेट्रोल गाड्यांचा मेकॅनिक, वय ३४. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. माझं पोट कशावर चालणार?

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि यालाच सर्वांत जास्त जागा द्यायला हवी होती.

आज विकली जाणारी पेट्रोल गाडी पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहील. तुमचं काम उद्या थांबत नाही, पण हळूहळू आटेल, आणि तेवढाच तुमच्या हातात असलेला वेळ. विजेच्या गाडीतही टायर झिजतात, वजन आणि जोरकस पिकअपमुळे थोडे लवकरच. सस्पेन्शनचे बुश जातात. ब्रेक वापरात कमी असल्याने डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपर अडकतात, ते काढून साफ करून ग्रीस लावणं हे तुमच्याच हातचं काम. ब्रेक ऑइल, कूलंट, एसी, १२ व्होल्टची बॅटरी, सगळं आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना हाय व्होल्टेजला हात लावावा लागत नाही.

पण हाय व्होल्टेजची ती नारिंगी केबल दिसली की थांबा. चारशे-आठशे व्होल्ट डीसी चूक माफ करत नाही. रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. तिथे पहिला धडा पाना धरण्याचा नसतो, वीज तोडण्याचा असतो: १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा खटका) काढायचा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, आणि मग, हातमोजे न काढता, मीटरने शून्य दिसल्याची स्वतः खात्री करायची. त्याआधी मीटर चालू आहे ना, हे माहीत असलेल्या बॅटरीवर तपासायचं, आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा.

आपल्या भागातल्या तांत्रिक संस्थेत असा अभ्यासक्रम आहे का ते विचारा. नावनोंदणीआधी दोन गोष्टी पाहून या: तिथे प्रत्यक्ष उघडलेली बॅटरी आहे की फक्त चित्रं, आणि हातमोज्यांवर चाचणीची तारीख छापलेली आहे की नाही. या दोन्ही असतील तर फी भरा. तुम्ही दोष ऐकून ओळखणारे आहात. लॅपटॉपवरचा कोड वाचायला महिन्या-दोन महिन्यांत शिकाल. बेअरिंगचा आवाज ओळखणारा कान कमवायला लॅपटॉपवाल्याला वर्षं लागतील.